विचारायचं राहून गेलं

दामल्यांकडे बाई टिकत नाही, हे घरोघरी आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्यूरोवाल्या बाईंनी आम्रपालीला आधीच सांगून टाकलं होतं. "घर चांगलं आहे, माणसं सभ्य आहेत. पेशंटची तेवढी जीभ वाईट आहे," त्या म्हणाल्या आणि तिच्याकडे जरा बघून पुढे म्हणाल्या, "तुला जमेल. तुझीही काही कमी नाही."

ते खोटं नव्हतं. आम्रपाली मार्केट यार्डामागच्या वस्तीत वाढलेली. तिचे वडील सीताराम ओव्हाळ मूळचे लोणी काळभोरचे, यार्डात हमाली करायचे. गुळाच्या ढेपा आणि कांद्याची पोती वाहून त्यांची पाठ वाकली, पण दोन्ही मुलांना त्यांनी शाळेतून उठवलं नाही. थोरला संजय बँकेत चिकटला. आम्रपालीला नर्स व्हायचं होतं. बारावीला असताना आई चंद्रभागा अंथरुणाला खिळली आणि ते राहिलं. आईचं करता करताच तिला आजाऱ्याचं करणं आलं. आई गेल्यावर तिने परिचारिकेच्या मदतनिसाचा छोटा कोर्स केला आणि ब्यूरोत नाव घातलं. लोकांच्या घरी जाऊन त्यांची दुखणी काढायची, यात तिला कमीपणा वाटत नसे. तो संजयला वाटायचा.

ती कोथरूडला जायला लागली ते साल दोन हजार एक. घरटी एक मुलगा अमेरिकेत आणि दुसरा जायच्या बेतात, असे ते दिवस होते. केयूर दामलेही जाऊन आलेला होता. वायटूकेच्या, म्हणजे सन दोन हजारसाठी संगणकांतल्या तारखा सुधारायच्या कामासाठी कंपनीने त्याला न्यू जर्सीला पाठवलं, तो परत आला, ऋचा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. पत्रिका छापायच्या आधीच कंपनीची सहल पानशेतला गेली आणि पाणी किती खोल आहे ते न बघता केयूरने सूर मारला. मानेचा मणका मोडला. छातीच्या खालचं शरीर गेलं. हात खांद्यातून उचलता येत, मनगटं वाकत, पण बोटं मिटत नव्हती. ऋचा दवाखान्यात काही दिवस येत होती, मग तिचे वडील आले, मग कुणीच आलं नाही.

अपघातानंतर दामल्यांनी तिसऱ्या मजल्यावरची जागा विकून त्याच सोसायटीत तळमजल्यावरची घेतली, चाकाची खुर्ची आतबाहेर करता यावी म्हणून. पण केयूर त्या खुर्चीत बसून उंबऱ्याबाहेर जायला तयारच नव्हता. तो खिडकीशी पडून राही. सकाळी सोसायटीच्या फाटकाशी कंपनीची बस येई, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली तिच्यात चढून हिंजवडीला जात. बस गेली की तो पडदा ओढायला सांगे.

पहिल्या दिवशी त्याने तिला विचारलं, "नाव?"

"आम्रपाली."

"पूर्ण नाव?"

पूर्ण नाव कशासाठी विचारतात हे तिला पाठ होतं. "आम्रपाली सीताराम ओव्हाळ. आम्ही बौद्ध. अजून काही?"

"जात नव्हतो विचारत," तो छताकडे बघत म्हणाला. "किती दिवस टिकाल त्याचा अंदाज घेत होतो. लांब नावाच्या बायका लवकर जातात."

घरात त्याला अनंत केयूरदादा म्हणायचा. अनंत म्हणजे सकाळी येऊन त्याला अंघोळ घालणारा, उचलून ठेवणारा धट्टाकट्टा माणूस. तेव्हा आम्रपालीही केयूरदादा म्हणू लागली. तो तिला सिस्टर म्हणे, आणि ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी. मंदाकिनीबाई, म्हणजे त्याची आई, दारातून हळूच म्हणायच्या, "मनावर घेऊ नकोस हं." दीनानाथराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते पेपर उघडून त्यामागे जाऊन बसत.

पहिल्याच आठवड्यात एके दुपारी ती त्याला चहा पाजायला गेली आणि त्याने हाताच्या एका फटकाऱ्यात कप उडवला. चहा चादरीवर, फरशीवर, तिच्या साडीवर सांडला. आधीच्या बायका इथेच रडत बाहेर जात. आम्रपालीने त्याला कुठे भाजलं तर नाही ना, एवढं बघितलं, चादर बदलली आणि स्टुलावर बसून स्वतःचा चहा प्यायला सुरुवात केली.

"खाली सांडलाय," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"पुसणार नाही?"

"आमच्याकडे सांडणाऱ्याने पुसायची पद्धत आहे. तुम्हाला वाकता येत नाही, ते मला मान्य. मग 'पुसा' म्हणायचं. तेवढं तोंड चालतं तुमचं."

ती आपला चहा पीत राहिली. मग तो म्हणाला, "पुसा." आणि थोड्या वेळाने, जिवावर आल्यासारखं, "कृपया."

ती टिकली. त्याच्या बोलण्यातला कडवटपणा गेला नाही, पण तिला त्याची चव कळायला लागली. कारल्याची कळावी, तशी. तो सगळ्यांत जास्त स्वतःलाच बोलतो, हेही तिच्या लक्षात आलं. बीएला तिने मुक्त विद्यापीठातून नाव घातलं होतं. दुपारी तो झोपला की ती स्टुलावर पुस्तक घेऊन बसे. तो झोपलेला नसे.

"काय वाचताय?"

"इंग्रजी."

"मोठ्याने वाचा."

तिने वाचलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. "सिस्टर, तुम्ही इंग्रजीचा खून करताय. करा, पण निदान सावकाश करा. तिला ओरडायला तरी वेळ मिळू द्या."

ती हसली, आणि त्या घरात ती पहिल्यांदाच हसतेय हे तिलाच नवल वाटलं. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. तो मास्तर म्हणून भयंकर होता. चूक दाखवण्यात त्याला आनंद होई, पण शिकवलेलं कायमचं डोक्यात बसे. तोंडाने स्पेलिंग सांगून तो कंटाळला तेव्हा एक दिवस म्हणाला, "त्या डाव्या खणात एक पट्टा आहे. बांधा तो."

दवाखान्यातून दिलेला तो पट्टा होता, मनगटाला बांधायचा. त्याच्यात रबरी टोकाची एक काडी खोचलेली असे. त्या काडीने बोटाऐवजी बटणं दाबता येत. पट्टा पिशवीतून कधी बाहेरच आला नव्हता. आम्रपालीने तो बांधला, कोपऱ्यातला त्याचा संगणक जवळ सरकवला, आणि त्याने एकेक अक्षर हुडकत तिचं एक वाक्य दुरुस्त करून पडद्यावर लिहिलं. घामाघूम झाला. दारात मंदाकिनीबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आम्रपालीने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "पुढे?"

कौतुक केलं असतं तर त्याने पट्टा सोडायला लावला असता. ते तिला कळलं होतं.

पावसाळा संपेपर्यंत तो जुन्या ऑफिसातल्या एका मित्राकडून किरकोळ काम मागवून घेऊ लागला होता. फोनच्या तारेतून इंटरनेट लागताना जो किरकिर आवाज येई तो ऐकून दीनानाथराव पेपर खाली ठेवत. पडदा आता दिवसभर उघडा असे.

या सगळ्यात कधीतरी केयूरदादातला दादा गळून पडला. कधी, ते आम्रपालीला सांगता आलं नसतं. एक दिवस तो शब्द तोंडातून येईना. मग ती "ऐकलंत का", "हे बघा", "जरा इकडे वळा" असं बोलून वेळ मारून नेऊ लागली. ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"हल्ली तुम्ही मला हाक मारत नाही," तो म्हणाला.

"मारते की."

"नाही. आधी दादा होतो. आता मी बिननावाचा झालोय."

ती त्याच्या पायाचा व्यायाम करून घेत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही तरी हल्ली सिस्टर कुठे म्हणता?"

त्याने तिच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून हसला. त्या संध्याकाळी ती निघताना तो म्हणाला, "उद्या लवकर ये." मग आपण काय बोललो ते ऐकून त्याने डोळे मिटून घेतले. ती त्या 'ये'ला सांभाळत बसस्टॉपपर्यंत चालत गेली. कुणाशी बोलायला लागलं तर ते सांडेल, असं तिला वाटत होतं.

दसऱ्याच्या आधी यार्डात झेंडूचे ढीग लागतात, माणसाच्या उंचीएवढे, हे ती त्याला सांगत असे. तो एकदा म्हणाला, "दाखव." तिला वाटलं थट्टा आहे. पण त्याला खरंच यायचं होतं. ज्या माणसाने दीड-दोन वर्षं उंबरा ओलांडला नव्हता तो यार्डात जायचं म्हणतोय, हे कळल्यावर मंदाकिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. अनंतने ओळखीच्यातली एक ओम्नी आणली.

फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सीताराम गोणी पाठीवरून उतरवून, टॉवेलने तोंड पुसत पुढे आले. खुर्चीपुढे उभे राहून म्हणाले, "या. बसा म्हनत न्हाई, तुमी बसूनच आलाय."

आम्रपालीने घाईने केयूरकडे बघितलं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर केयूरने त्याला सोलून काढलं असतं. पण तो मोठ्याने हसायला लागला, इतका, की अनंतला त्याचे खांदे धरावे लागले. मग सीतारामांच्या दोन सोबत्यांनी खुर्ची पोत्यासारखी सहज उचलली आणि गाळ्याच्या ओट्यावर, झेंडूच्या अगदी मधोमध नेऊन ठेवली. सीताराम चहा सांगायला गेले.

"माझा हात घाल त्यात," केयूर म्हणाला. त्याच्या अंगठ्याच्या बाजूला थोडी जाणीव उरली होती. आम्रपालीने त्याचा हात उचलून ढिगात खोल घातला. आत फुलं गार होती, ओलसर. "लागतंय?" तिने विचारलं. "लागतंय," तो म्हणाला. तिने स्वतःचा हात बाहेर काढला नाही. फुलांच्या आत कुणाला काही दिसत नव्हतं. सीताराम चहाचे ग्लास घेऊन येईपर्यंत ती दोघं तशीच होती, इकडचं तिकडचं बघत.

पुढचे काही महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते. ते तसे आहेत हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं. सांगायची घाई कुणालाच नव्हती. उद्या ती येणारच होती आणि तो तिथे असणारच होता.

मग दीनानाथरावांना हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले, घरी आले, पण मंदाकिनीबाईंचा धीर खचला. एका सकाळी त्यांनी आम्रपालीला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या मेथी निवडत होत्या.

"आमच्यामागे याचं कसं व्हायचं, या विचाराने माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही," त्या म्हणाल्या. "तू इथेच का राहत नाहीस, आम्रपाली? कायमची. रीतसर, रजिस्टर लग्न करून. तुझंही वय वाढतंय. त्याचं हे असं. जातीबितीचं मी काही बघणार नाही. आता काय बघायचं राहिलंय?"

त्या प्रेमानेच बोलत होत्या. आपल्याजवळचं सगळ्यांत मोलाचं आपण हिच्या ओटीत घालतोय, अशीच त्यांची समजूत होती. पण आम्रपालीच्या कानात तो 'आता' अडकला. त्याचे पाय धड असते तर त्यांनी बघितलं असतं. आणि हे लग्नाचं बोलणं होतं की ब्यूरोचे पैसे वाचवायचं, तेही तिला कळेना. ती मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिली, मग ती खाली ठेवून केयूरच्या खोलीत गेली.

"काकू काय म्हणतायत, तुम्हाला माहीत आहे?"

त्याचा चेहरा बघता बघता काळवंडला. "आई बोलली तुझ्याशी?"

"बोलल्या."

तो बिछान्यात आडवा होता. अनंत चार दिवस गावी गेला होता, त्यामुळे त्याला खुर्चीत कुणी बसवलं नव्हतं. दाढी वाढली होती. त्याने मनगटाने गालाची दाढी चाचपली. मग त्याचा जुना आवाज परत आला, चहाचा कप उडवण्याच्या दिवसांतला.

"आईला सुट्टी न घेणारी बाई हवी आहे. बिनपगारी. हो म्हणण्याइतकी तू खुळी नाहीस."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"माझ्या हवं-नकोला काय किंमत आहे? मला कूस बदलायची तरी दुसऱ्याला विचारावं लागतं."

ती थांबली. त्याने पुढे काहीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती, आणि ते त्याला कळत होतं. त्याने मान खिडकीकडे फिरवली. तेवढीच त्याला फिरवता येत होती.

घरी तिने संजयला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिला कुणाशी तरी बोलायचं होतं. संजय ओरडला नाही. त्याने शांतपणे शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाला, "आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढायची सोडली. उपाशी राहिले, पण सोडली. का? तर आपल्यावर कुणाची घाण काढायची पाळी येऊ नये. तू पगार घेऊन करतेस तोवर ते काम आहे, आमू. कुणी बोट दाखवणार नाही. लग्न करून करशील तर ते पुन्हा बलुतं झालं."

त्याचं चुकीचं होतं असं तिला म्हणता येईना. बरोबर होतं असंही नाही. सीताराम भिंतीला पाठ लावून बसले होते. ते म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पर इचारलं कुनी? त्यानं, का त्याच्या आईनं?"

"आईने."

"मंग त्याला इचारू दे की. त्याला तोंड हाय."

हे तिला पटलं. फारच पटलं. तिने बरं नसल्याचा निरोप धाडला आणि वाट बघत घरी बसली. तो विचारेल. जो 'पुसा' म्हणायला शिकला, 'ये' म्हणायला शिकला, तो हेही म्हणेल.

ओव्हाळांच्या घरी नुकताच फोन बसवला होता. तो दुपारी वाजला. घरात ती एकटीच होती.

"मी बोलतोय," केयूर म्हणाला.

"हं."

 तारेत खरखर होत होती.

"पट्टा कुठे ठेवलाय?" त्याने विचारलं.

तिला तिथल्या तिथे कळलं. पट्ट्याशिवाय त्याला फोनची बटणं दाबता येत नव्हती. पट्टा त्याच्या हातालाच असणार. त्याला पट्टा विचारायचा नव्हता. ती 'तुमच्या हातात आहे' असं म्हणू शकली असती. नुसतं हसली असती तरी चाललं असतं, तो पुढचं बोलला असता. पण तिच्या मनात आलं, की याही वेळी मीच का? चादर मी बदलायची, कूस मी बदलायची, आणि ज्या एका गोष्टीला बोटं लागत नाहीत, पाय लागत नाहीत, तीही मीच उचलून याच्या तोंडात घालायची?

"डाव्या खणात," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

मग बराच वेळ कुणी फोन ठेवला नाही. शेवटी कुणी ठेवला, हे तिला पुढे कधी नीट आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती ब्यूरोत गेली आणि दुसरं घर मागून घेतलं.

तिचं आयुष्य वाईट गेलं नाही. ती बीए झाली, इंग्रजीत बरे गुण पडले. हडपसरच्या एका दवाखान्यात कायमची लागली, हळूहळू नव्या मुलींना शिकवू लागली. आजाऱ्याला कसं वळवायचं, जखम होऊ नये म्हणून काय बघायचं, आणि आजारी माणूस टाकून बोलला तर काय करायचं, हे ती फार चांगलं शिकवी. लग्न उशिरा झालं. प्रज्ञेश औद्योगिक वसाहतीत फिटर होता, कमी बोलणारा, सरळ. मुलगी झाली, तिचं नाव चैताली. सीताराम नातीला खांद्यावर घेऊन यार्ड दाखवून आणत. दसऱ्याच्या सुमाराला आम्रपाली मात्र तिकडे जायचं टाळी. तोरणाची फुलं प्रज्ञेश आणे.

दीनानाथराव गेल्याची बातमी तिने पेपरात वाचली. मधे आठ-नऊ वर्षं गेली होती. जावं की नाही, यात दोन दिवस घालवून ती गेली. कोथरूड ओळखू येत नव्हतं. सोसायटीच्या फाटकाशी आता एकाऐवजी कितीतरी बस येत. दार एका तरुण मुलीने उघडलं. बाहेरच्या खोलीत दोन संगणक होते, एक मुलगा कानाला यंत्र लावून कुणाशीतरी इंग्रजीत बोलत होता. केयूरने सॉफ्टवेअर तपासून देण्याचा छोटासा उद्योग थाटला होता. तो विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःच बाहेर आला. केस पांढरे झाले होते.

"आम्रपाली सीताराम ओव्हाळ," तो म्हणाला. "की आता आणखी लांब झालं?"

"झालं," ती म्हणाली. त्याने तिच्या गळ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

मंदाकिनीबाई रडल्या, चहा ठेवायला आत गेल्या. दोघं त्याच्या खोलीत बसली.

"मी तेव्हा आठवडाभर वाक्य जुळवत होतो," तो म्हणाला, कामाचं काही सांगावं तसं. "बाबांजवळ बोललो. बाबांनी आईला सांगितलं. आईला धीर कुठला. मला फक्त एवढंच हवं होतं, की विचारायचं ते खुर्चीत बसून, दाढी करून. पडल्या पडल्या नाही. आणि अनंत नेमका गावी गेला."

तिची नजर त्याच्या मनगटावर गेली.

"फोन केला तेव्हा पट्टा माझ्या हाताला होता."

"माहीत होतं मला."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

त्याने तिच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. "मला वाटलं तुला कळलं नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तेच धरून बसलो होतो. कळलं असतं तर तू बोलली असतीस, म्हणून."

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

"दोघंही हुशार," तो म्हणाला.

चहा आला. मंदाकिनीबाईंनी तिच्या नवऱ्याची, मुलीची चौकशी केली. तिने सगळं सांगितलं. केयूरने चैताली कितवीला आहे विचारलं, इंग्रजी कसं आहे विचारलं. निघताना तो फाटकापर्यंत खुर्ची घेऊन आला. उंबरा आता काढून टाकलेला होता. "येत जा," असं तो म्हणाला नाही, आणि तिनेही "येईन" म्हटलं नाही. ते बरोबरच होतं, असं तिला बसमध्ये वाटलं. घरी पोचल्यावर वाटेनासं झालं.

तो आणखी चार वर्षांनी गेला, मूत्रपिंडाच्या विकाराने. अशा माणसांना बहुतेकदा तेच नेतं. फोन मंदाकिनीबाईंनीच केला. "येशील का?" एवढंच त्या म्हणाल्या. प्रज्ञेशने विचारपूस न करता स्कूटर काढली.

ती पोचली तेव्हा त्याला वैकुंठ स्मशानात नेऊन माणसं परतली होती. खोलीत पलंग उघडा होता, गादी काढलेली. मंदाकिनीबाई तिचा हात घट्ट धरून बसल्या. शेजारच्या एका बाईंनी कोण म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आमची आम्रपाली." मग, ती बाई उठून गेल्यावर, "मी मधे पडायला नको होतं गं. त्याचं त्याला बोलू द्यायचं होतं. मला वाटलं, त्याच्याने होणार नाही."

"काकू, तुमचं काही चुकलं नाही," आम्रपाली म्हणाली. त्या क्षणी दुसरं काही म्हणणं तिला क्रूर वाटलं. पण चुकलं होतं, सगळ्यांचंच थोडं थोडं, आणि आपलं त्यातलं किती, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

परत येताना कर्वे रस्त्याला गर्दी होती. प्रज्ञेशने मागे न बघता विचारलं, "कोण होते ते?"

"जुने पेशंट," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. तो मनात संशय ठेवणारा माणूस नव्हता. जे सांगाल ते घेणारा होता. स्कूटर नदी ओलांडून स्वारगेटपर्यंत आली, तोवर 'पेशंट' हा शब्द आम्रपालीला टोचत राहिला. सिग्नल लाल होता. मागचेपुढचे हॉर्न वाजवत होते. ती पुढे वाकली.

"नुसते पेशंट नव्हते," ती म्हणाली.

 सिग्नल सुटला. हडपसरचा रस्ता धरल्यावर प्रज्ञेशने स्कूटर कडेला घेतली, एका रसवंतीपाशी उभी केली आणि हेल्मेट काढून बाकावर बसला. तिलाही बसायची खूण केली.

"सांग," तो म्हणाला.